व्यासपीठाच्या पायऱ्या

मुंबई विद्यापीठाचा अंमल दक्षिणेस गोव्याच्या सरहद्दीपर्यंत चालतो. त्यामुळे ज्या पोराचा सारा मुलूख मालवणच्या धक्क्यापासून कुडाळच्या फाट्यापर्यंत संपतो, त्याच्या भवितव्याचे मुख्य दप्तर सुमारे पाचशे किलोमीटरांवर असते. समतेविषयीच्या व्याख्यानांत या अंतराचा उल्लेख मी क्वचितच ऐकला.

गेल्या काही दशकांत या किनाऱ्यावर जी संमेलने आणि महोत्सव पाहिले, त्यांत आरंभी मालवणी बोलीला प्रवेश होता तो गड्याच्या किंवा बावळटाच्या तोंडून. १९८०च्या सुमारास गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' हे नाटक आणि अभिनेते मच्छिंद्र कांबळी यांनी ती बोली मुंबईच्या रंगमंदिरांत नेली, तेव्हा कोठे आमच्या प्राध्यापकवर्गास तिच्यात काही सत्त्व असावे असा संशय आला.

पिंगुळीच्या ठाकर समाजास मात्र अधिक काळ तिष्ठावे लागले. कुडाळशेजारच्या या गावी सावंतवाडी दरबाराच्या आश्रयाने चित्रकथी वाढली. भिंतीस टेकवलेल्या फळीवर पोथीतील एकेक चित्र ठेवायचे, आणि वीणा, हुडूक व टाळ यांच्या साथीने जमिनीवर मांडी घालून रामायण-महाभारतातील आख्यान लावायचे, अशी तिची रीत. जोडीला कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ. ठाकरांच्या आड येणारे अनुसूचित जमातींच्या यादीतील तालुकावार निर्बंध १९७६च्या दुरुस्ती कायद्याने उठले. तरीही जातपडताळणीच्या कचेरीत खेटे घालणे अनेक घरांच्या नशिबी राहिले. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभे करून ही कला जपली, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शेजारच्या शिक्षितांनाही पिंगुळीची वाट नव्याने आठवली. युवा महोत्सवांत लोककलेला जी दहा-बारा मिनिटांची मुदत मिळते, तेवढ्यात चित्रकथ्याचे गणेशस्तवनही धड उरकत नाही, हे परीक्षकांना कोणी सांगावे?

अपंगत्वाविषयीही कायदे आले. १९९५च्या कायद्यातील सात प्रकारांचे २०१६च्या कायद्याने एकवीस झाले, आणि उच्च शिक्षणातील राखीव जागा पाच टक्क्यांवर गेल्या. ३ डिसेंबरचा जागतिक दिनही महाविद्यालयांत पाळला जाऊ लागला. अशाच एका समारंभात (संस्थेचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही) कुबड्यांवर चालणाऱ्या एका विद्यार्थ्याचा सत्कार योजला होता. व्यासपीठास सहा उंच पायऱ्या होत्या. दोन मित्रांनी त्याला उचलून वर नेले, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्याने मात्र संकोचाने मान खाली घातली. नंतर पायऱ्यांऐवजी उतरण बांधण्याचा ठराव झाला. तो अद्याप ठरावच आहे.

पुढच्या एका वर्षी त्याच सभागृहात चित्रकथीचा प्रयोग झाला. कथेकऱ्यांनी व्यासपीठ नाकारून खाली सतरंजी अंथरण्यास सांगितले, सबब श्रोतेही खाली बसले, आणि तो विद्यार्थी कुबड्या भिंतीस टेकवून पोथीपासून हातभर अंतरावर, कोणाच्याही खांद्याचा आधार न घेता, शेवटपर्यंत रमला. अख्खे आख्यान दीड तास चालले. कलावंतांचे मानधन मात्र हिशेबाच्या वहीत 'किरकोळ मनोरंजन' या सदरी खर्ची पडले.