राक्षसभुवन : गंगथडीचा उतार

१० ऑगस्ट १७६३. गोदावरी दुथडी भरून वाहत होती. निजाम अली फौजेचा एक भाग घेऊन पैलतीरी पोचला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडेच अडकला होता. थोरले माधवराव तेव्हा अवघे अठरा वर्षांचे. त्यांनी आणि राघोबादादांनी नेमकी हीच वेळ साधली. दिवाण रणात पडला. पलीकडे निजाम होता, फौज होती, पण पाणी ओसरेपर्यंत मदत धाडणं शक्य नव्हतं. पुढे औरंगाबादला तह झाला आणि पेशव्यांच्या पदरात ८२ लाखांचा मुलूख पडला. काही महिन्यांपूर्वी याच निजामाच्या फौजेने पुणं जाळलं होतं, त्याची ही परतफेड.

शाळेच्या पुस्तकात राक्षसभुवनची लढाई दोन-तीन ओळींत उरकते. ती लढाई खरं तर एका उताराची होती. नदी कुठे ओलांडायची, कोणी आधी उतरायचं आणि मागे कोणी राहायचं, एवढ्यावर तिचा निकाल लागला.

हे राक्षसभुवन बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात. जिल्ह्याला समुद्र दोनशे-अडीचशे किलोमीटर दूर, त्यामुळे बंदर, धक्का, जेटी हे शब्द इथल्या कारभारात येत नाहीत. पण जिल्ह्याची उत्तर हद्द गोदावरीनेच आखली आहे, आणि काठाचे सगळे प्रश्न इथेही आहेतच. माणसं कुठे उतरतील, नावा कुठे लागतील, पाणी वाढलं तर कोण सांगेल? काठचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतात. हा सगळा पट्टा गंगथडीचा.

राक्षसभुवनला लोक येतात ते मुख्यतः शनिमहाराजांसाठी. राज्यातल्या साडेतीन शनिपीठांत या स्थानाची गणना होते. शनी अमावस्येला आधी गंगेत अंघोळ, मग ओलेत्याने दर्शन, तेल, काळे उडीद, रुईच्या पानांची माळ. एरवीच्या दिवशी काठावर दहाव्याची मंडळी दिसतात. एकीकडे मुंडण चाललेलं, दुसरीकडे पिंड मांडून सगळे कावळ्याची वाट बघत बसलेले.

जवळच पांचाळेश्वर. तिथे महानुभावांचं आत्मतीर्थ आहे. दत्तात्रेय प्रभू रोज दुपारी इथे भोजनाला येतात, ही त्यांची श्रद्धा. मंदिर थेट नदीच्या पात्रात उभं आहे, त्यामुळे पूर आला की त्याला पाण्याचा वेढा पडणं ठरलेलं.

पूर मात्र आता आभाळाइतकाच पैठणच्या हातात असतो. तिथल्या जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये केली, आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. त्याला २७ दरवाजे. इथे पावसाचा टिपूस नसला तरी नाशिक-नगरकडे धो धो कोसळला की धरणाचा जलाशय, नाथसागर, भरतो, दरवाजे उचलले जातात आणि गंगथडीच्या गावांत भोंगा फिरू लागतो : जनावरं सोडा, मोटारी काढा, पात्रात उतरू नका. आकडा सांगतात तो क्यूसेकमध्ये. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस हा विसर्ग तीन लाख क्यूसेकच्या वर गेला, म्हणजे सेकंदाला ८५ लाख लिटरच्या आसपास. काठची गावं हलवावी लागली. क्यूसेकचा आकडा ऐकून पाणी आपल्या कितव्या पायरीला येईल, हे मात्र काठावर मुरलेल्या माणसालाच कळतं. पाटबंधारे खात्याने प्रत्येक घाटावर ठळक रंगाने पायऱ्यांशी विसर्गाचं गणित मांडून ठेवायला काय हरकत आहे?

कारभाराची वाटणी तर बघण्यासारखी. पाणी पाटबंधाऱ्याचं, पात्र आणि त्यातली वाळू महसूल खात्याची, काठावरची झाडलोट ग्रामपंचायतीची, गर्दीचा बंदोबस्त पोलिसांचा. कोकणात बंदरांसाठी १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळ आहे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात कधी बंद ठेवायच्या, इथपर्यंतचं वेळापत्रक ठरलेलं असतं. गोदाकाठी असा एक धनी नाही.

कायद्यात तरतूद नाही म्हणावं तर तीही आहे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या विषयांत रस्ते आणि पुलांच्या जोडीला नावा आणि जलमार्ग स्पष्ट लिहिलेले आहेत. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने बिनइंजिनाच्या नावांची नोंद स्थानिक पातळीवर ठेवण्याची वाट करून दिली. त्याहून मौज २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याची. जलमार्ग क्रमांक ४ त्यात भद्राचलमपासून थेट नाशिकपर्यंत नेला आहे. म्हणजे राक्षसभुवन कागदावर राष्ट्रीय जलमार्गावरचं ठिकाण झालं! उन्हाळ्यात त्याच जलमार्गातून बैलगाडी पलीकडे जाऊ शकते.

नावेची गरज शहागडच्या पुलाने बरीचशी संपवली. धुळे-सोलापूर महामार्ग तिथे गोदावरी ओलांडतो आणि थेट गेवराईत येतो. जिल्ह्यात पाण्यावर आता दिसतो तो चप्पू, थर्माकोलचे ठोकळे बांधून केलेला. तलावांच्या फुगवट्यातले मासेमार त्यावरून जाळी टाकतात, आणि रस्ता पाण्याखाली गेला की पोरंबाळंही त्यावरच बसतात. माजलगाव धरणात सप्टेंबर २०२२ मध्ये बुडालेल्या एका डॉक्टरांच्या शोधासाठी थेट कोल्हापूरहून आपत्ती दल आलं, आणि त्या शोधात दलाच्या एका जवानाचाही जीव गेला. एवढं पाणी असलेल्या जिल्ह्याने बुडी मारणारी माणसं बाहेरून आणावीत, ही गोष्ट तेव्हा अनेकांना खटकली.

गोदापात्रात रात्री वर्दळ असते ती वाळूची. तराफे, पाण्याखालची वाळू ओढून काठावर आणणाऱ्या केन्या, आणि पुढे हायवा-ट्रॅक्टरची रांग. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड होतो, वाहनं जप्त होतात, महसूलचं पथक केन्या पेटवून देतं. महिनाभरात दुसऱ्या येतात. उपसलेल्या जागी खड्डे राहतात आणि वर पाणी संथ दिसतं. गेवराई तालुक्यातच शहाजानपूर चकला इथे २०२२ मध्ये सिंदफणेच्या पात्रातल्या अशा खड्ड्यात चार मुलं बुडाली. अमावस्येला अंघोळीला उतरणाऱ्या परगावच्या माणसाला असा खड्डा कसा कळावा? पोहण्याची हद्द दाखवणारा दोर आणि चार पिंपं एवढ्यावर हे काम भागतं, आणि त्याचा खर्च एका हायवाच्या दंडातून सहज निघेल.

शिवाय ही वाळू पूर्वीसारखी भरूनही येत नाही. वरून वाहत येणारा गाळ आणि वाळू पैठणच्या भिंतीमागे अडते. गेवराईच्या पात्रातून आज निघते ती बरीचशी धरणाआधीची साठवण. लिलावासाठी घाटांची मोजणी होते तेव्हा ब्रासचा आकडा मांडला जातो. त्या घाटांवर माणसं अंघोळीला कुठे उतरतात, ही नोंदही त्याच कागदावर करायला हवी.