एक गाडगं, एक खराटा

सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात संत गाडगेबाबांनी वारकऱ्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःजवळ मात्र मातीचं गाडगं, हातात खराटा, अंगावर ठिगळांची गोधडी. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. भाकरी खायची ती त्याच गाडग्यात, पाणी प्यायचं तेही त्यातच.

लोकांना मात्र 'वस्तू सोडा, टाका' एवढंच सांगून ते थांबत नसत.

कीर्तनात ते समोरच्यालाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढून घेत. लग्नासाठी कर्ज काढू नका, देवापुढं बकरं कापू नका. जेवणाचं ताट मोडावं लागलं तरी चालेल, भाकरी हातावर घ्या, पण पोराला शाळेत घाला, असं त्यांचं सांगणं असे. वस्तू कमी करण्यामागं एवढं ठोस कारण होतं, म्हणूनच ते अडाणी माणसालाही पटलं. कमी सामानात जगा असं आज कुणाला सांगायचं असेल, तर आधी वाचलेला पैसा कशावर लावायचा ते सांगावं.

शिक्षणासाठी द्यायचं, हे बाबांनी स्वतः करूनही दाखवलं: पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.