शर्यतीचे रूप आणि रोजचा रस्ता

१९६६ साली जिनिव्हाच्या मोटार-प्रदर्शनात ‘मिउरा’ नावाची एक मोटार लोकांपुढे आली. लॅम्बोर्गिनी या इटालियन कारखान्याने ती बांधली होती आणि तिच्या बाह्यांगाला आकार दिला होता तूरीनच्या बेर्तोने या आरेखन-संस्थेने. बारा सिलिंडरांचे एंजिन चालकाच्या पाठीमागे आडवे बसविलेले. उंची माणसाच्या कमरेपेक्षा फारशी अधिक नाही. आणि वेग असा की, रस्त्यावरच्या फारच थोड्या मोटारी तिच्या बरोबरीला येत. तीनच वर्षांनी, १९६९ मध्ये, याच संस्थेने रेखाटलेली एक स्कूटर बाजारात आली. ती स्कूटर पुढे लखनौजवळच्या अमौसी परिसरात तयार होऊ लागली, आणि उत्तर हिंदुस्थानातले कारकून, शाळामास्तर, दुकानदार तिच्यावर बसून कामाला जाऊ लागले. एकाच घराण्यातल्या या दोन भावंडांपैकी एकीला रोजचा रस्ता का मानवला नाही आणि दुसरीला का मानवला, हे पाहण्यासारखे आहे.

वेगासाठी बांधलेली मोटार नित्य वापरात अवघड होते, ती केवळ महाग असते म्हणून नव्हे. वेगात स्थिर राहण्यासाठी तिला जमिनीलगत बसावे लागते. मग गतिरोधकावर तिचे पोट घासते. तिचे एंजिन फार जोराने फिरू लागले म्हणजेच आपली खरी ताकद देते. बाजारपेठेतल्या मंद गतीत ते कुरकुरते. एंजिन पाठीशी असल्यामुळे त्याची उष्णता आणि आवाज थेट बैठकीत येतात. वाहनांच्या रांगेत उभे राहिले की अंगावर येणारा वारा थांबतो आणि तापमान चढू लागते. या अडचणी निवारता येत नाहीत असे नाही. जपानच्या होंडा कंपनीने १९९० साली ‘एनएसएक्स’ ही मोटार आणली ती याच हेतूने, की वेगही असावा आणि रोज कचेरीला जाताना डोळ्यांपुढचा रस्ताही नीट दिसावा. परंतु अशा मोटारी अपवादच.

लॅम्ब्रेटाची गोष्ट निराळी. पोलादी नळ्यांचे कारखानदार फेर्दिनांदो इनोचेंती यांनी १९४७ साली मिलानमध्ये ही स्कूटर काढली. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या देशात सामान्य माणसाला परवडेल असे वाहन हवे होते, आणि शेजारून वाहणाऱ्या लांब्रो नदीवरून तिला नाव मिळाले. म्हणजे जन्म गरजेतला. पण इटालियन माणसाला गरजेतही शर्यत सुचते! १९५१ साली जर्मनीतल्या म्युनिक-इंगोलश्टाट मार्गावर अवघ्या १२५ घनसेंटिमीटरची एक लॅम्ब्रेटा ताशी २०१ किलोमीटर वेगाने धावली. रोमोलो फेर्री हा चालक माशाच्या आकाराच्या कवचात जवळजवळ आडवा झाला होता, आणि एंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र जोडलेले होते. त्या यंत्रावर बसून कोणी भाजी आणायला गेले नसते. तरी त्या विक्रमाचे तेज साध्या स्कूटरच्याही नावाला चिकटले, आणि बेर्तोनेने रूप दिलेल्या मॉडेलला इंग्लंडात ‘ग्रां प्री’ हे शर्यतीचेच नाव मिळाले.

नाव शर्यतीचे, आतील रचना मात्र संसारी. एंजिन दोन घातांचे, म्हणजे दट्ट्याच्या प्रत्येक वर-खाली फेऱ्यात एकदा स्फोट होणारे. अशा एंजिनाच्या सिलिंडरमधील वाटा मोठ्या केल्या तर वरच्या वेगात शक्ती वाढते, पण खालच्या वेगात ओढ नाहीशी होते. कारखान्याने त्या वाटा बेताच्या ठेवल्या. म्हणून मागे एक माणूस आणि पुढे एक मूल उभे असतानाही गाडी पहिल्या गियरमध्ये न अडखळता निघते. दुसरी गोष्ट पंख्याची. एंजिनाच्या गतिचक्रालाच पंखा जोडलेला असून तो आवरणातून हवा सिलिंडरवर फेकतो. गाडी उभी असली तरी एंजिन फिरते आहे तोवर वारा चालूच. जी सोय कोट्यधीशाच्या मोटारीला फाटकापाशी मिळत नसे, ती मे महिन्याच्या लूमध्ये रेल्वेचे फाटक उघडण्याची वाट पाहणाऱ्या स्कूटरस्वाराला मिळत होती.

इटलीतले उत्पादन १९७१ साली थांबले. दुसऱ्याच वर्षी भारत सरकारने स्कूटर्स इंडिया ही कंपनी स्थापन करून इनोचेंतीची यंत्रे, आराखडे आणि नावाचे हक्क विकत घेतले. लखनौ-कानपूर रस्त्यावर, अमौसीच्या विमानतळापुढे सरोजिनीनगरात कारखाना उभा राहिला. १९७५ पासून तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. देशात ‘विजय’ या नावाने, परदेशांत लॅम्ब्रेटा म्हणूनच.

महाराष्ट्राला लॅम्ब्रेटा नवी नव्हती. मुंबईच्या भांडुप येथे ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी जुन्या धाटणीच्या लॅम्ब्रेटा पूर्वीपासूनच बनवीत होती. परंतु येथे जय झाला तो तिच्या प्रतिस्पर्धिनीचा. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजची, म्हणजे मूळच्या व्हेस्पाच्या घाटाची स्कूटर निघे. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’. गाडी नोंदवून वर्षानुवर्षे थांबणारी कुटुंबे त्या काळी घरोघर होती. व्हेस्पाचे एंजिन मागच्या चाकाला उजवीकडे बिलगलेले असल्यामुळे गाडी किंचित कलते. उलट लॅम्ब्रेटाचे मधोमध, म्हणून तोल अधिक चांगला. केवळ चालविण्याच्या सुखाचा विचार केला तर लॅम्ब्रेटाला झुकते माप द्यावे लागेल. पण रोजच्या वाहनाची परीक्षा तेवढ्यावर होत नाही. व्हेस्पाची शक्ती गियरमधून सरळ चाकाला पोचते. लॅम्ब्रेटात मध्ये साखळी आहे, आणि साखळी म्हटली की ताण पाहणे आले. गावोगावच्या मिस्त्र्याच्या हाताला कोणते एंजिन सवयीचे आहे, सुटा भाग तालुक्याच्या दुकानात मिळतो की नाही, यावर गिऱ्हाईक निर्णय घेते, आणि त्याचे काही चुकत नाही. सरकारी कारखान्याला या बाबतीत आकुर्डीशी बरोबरी साधता आली नाही.

१९९७ साली सरोजिनीनगरातून स्कूटर निघणे बंद झाले. मात्र लॅम्ब्रेटाच्याच तीनचाकी भावंडापासून विकसित झालेला ‘विक्रम’ पुढेही निघत राहिला. लखनौ आणि देहरादूनच्या रस्त्यांवर तो इतका रुळला की, ‘विक्रम’ हे तेथे एका गाडीचे नाव न राहता त्या जातीच्या सगळ्याच वाहनांचे नाव होऊन बसले. जिच्या नात्यातल्या एका यंत्राने विक्रम केला, त्या कुळातले हे शेवटचे अपत्य दाटीवाटीने माणसे भरून चारबागच्या दिशेने फटफटत जाई. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कारखाना बंद करण्यास मान्यता दिली.

इंग्लंडात निर्यात झालेल्या हिंदी बनावटीच्या ‘ग्रां प्री’ मात्र अजून जिवंत आहेत. तेथील हौशी लोक त्यांचे सिलिंडर बदलतात, त्यातील वाटा मोठ्या करतात, खालची ओढ जाऊ देऊन वरचा वेग मिळवतात, आणि सुटीच्या दिवशी कोरडी हवा पाहून त्या बाहेर काढतात. कामावर जायला त्यांच्याकडे दुसरी गाडी असते.