बँडांतील यूफोनियम

माघ सरत आला म्हणजे शहापूर व मुरबाड ह्या दोन्ही तालुक्यांत लग्नसराईस रंग चढूं लागतो, आणि पहिल्या पावसापर्यंत गांवोगांव वराती निघत राहतात. वरातीपुढें ब्रास बँड असला तर त्यांतील ट्रंपेट व क्लॅरिनेट जाणत्या माणसास ओळखूं येतात. ढोल तर पोरासोरांच्याही ओळखीचा. परंतु दुसऱ्या रांगेंत एक मनुष्य, तान्ह्या मुलास कवेंत घ्यावें तसें, एक जाडजूड पितळी वाद्य छातीशीं धरून चाललेला असतो. त्या वाद्याचें रुंद तोंड आभाळाकडे वळलेलें असतें. त्याचें नांव विचारलें तर बहुतेकजण "भोंगा" म्हणून मोकळे होतात. हा भोंगा नव्हे. ह्याचें नांव यूफोनियम. मूळ शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ "गोड आवाजाचें" असा आहे. टेलिफोन ह्या शब्दांतील "फोन" आणि ह्यांतील "फोन" हीं एकाच मुळाचीं होत.

ह्या वाद्यासंबंधीं लोकांच्या मनांत ज्या शंका येतात त्यांतील पहिली अशी कीं, ह्यास पितळी वाद्य म्हणतात तें केवळ पितळेचें आहे म्हणूनच काय? उत्तर असें कीं, नाहीं. सॅक्सोफोनचें सारें अंग पितळेचें असतें, तरी जाणकार त्यास पितळी वाद्यांच्या पंक्तीस बसवीत नाहींत. वर्गवारी धातूवरून होत नसून आवाज कशानें उत्पन्न होतो ह्यावरून होते. क्लॅरिनेट व सॅक्सोफोन ह्यांत वेताच्या पातीचा थरकांप असतो, तर यूफोनियममध्यें थरकांप होतो तो वाजविणाराच्या स्वतःच्या ओठांचा. ह्या दृष्टीनें पाहिलें तर देवळांतील शंख, गोंधळांतील नव्हे पण मिरवणुकींतील तुतारी आणि शिंग हीं यूफोनियमचीं सख्खीं भावंडें ठरतात, मग तीं शिंपल्याचीं असोत कीं शिंगाचीं असोत. उलटपक्षीं वारली लोकांचा तारपा वाळलेल्या भोपळ्याचा व बांबूच्या नळ्यांचा असतो, आणि त्यांत बांबूची जिभळी कांपते. म्हणून तो नातें सांगतो तें क्लॅरिनेटशीं. विलायतेहून आलेलें वाद्य शंखाच्या गोत्राचें, आणि घरचा तारपा क्लॅरिनेटच्या गोत्राचा, हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटतें. परंतु वस्तुस्थिति अशीच आहे.

हें वाद्य फार प्राचीन नाहीं. जोंवर नळीची लांबी वाजवितांना बदलतां येत नव्हती तोंवर शिंगांतून मोजकेच स्वर निघत. १८१८ सालीं प्रशियांत ष्टोल्त्सेल व ब्ल्यूमेल ह्या दोघांनीं दट्ट्याची युक्ति स्वतःच्या नांवें नोंदविली, आणि त्यानंतर पंचवीसएक वर्षांत मंद्र आवाजाचीं नवीं नवीं वाद्यें पुढें आलीं. १८४३ च्या सुमारास वायमार येथील फर्डिनांड सोमर ह्यानें जें वाद्य पुढें आणलें त्यास यूफोनियमचा मूळपुरुष मानतात. त्याच काळांत पॅरिस येथें अॅडॉल्फ साक्स आपलीं साक्सहॉर्न नांवाचीं वाद्यें घडवीत होता, आणि आजच्या यूफोनियममध्यें दोन्ही घराण्यांचें रक्त मिसळलेलें आहे. पलटणींच्या बँडांबरोबर तें हिंदुस्थानांत आलें. पलटणींतून व संस्थानांच्या दरबारांतून तें शहरांतील लग्नाच्या बँडांत उतरलें, आणि तेथून खेड्यांत पोंचलें.

आतां तें वाजतें कसें, हें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण पुष्कळशा तक्रारींचें मूळ येथेंच आहे. यूफोनियमची नळी उलगडून सरळ केली तर ती सुमारें ९ फूट लांब भरते. पेटीच्या भाषेंत बोलावयाचें तर तिची पट्टी काळी पांच. दट्ट्यांस हात न लावतां केवळ ओठ कमीअधिक आवळून फुंकलें असतां, अगदीं तळचा व क्वचितच वापरला जाणारा स्वर वगळल्यास, क्रमानें षड्ज, पंचम, तार षड्ज, तार गंधार व तार पंचम असे स्वर निघतात. मधल्या जागा रिकाम्या राहतात. त्या भरून काढण्यासाठींच तीन दट्टे असतात. दट्ट्या दाबला कीं हवेस नळीचा एक जादा वळसा घालून जावें लागतें. नळी तेवढी लांबते आणि स्वर तेवढा उतरतो. मधला दट्ट्या अर्धा स्वर उतरवितो, पहिला एक स्वर, आणि तिसरा दीड स्वर.

तीनच कां, हें पाहण्यासारखें आहे. सर्वांत मोठी रिकामी जागा षड्ज व पंचम ह्यांमध्यें पडते, आणि तींत नेमके सहा स्वर असतात. पंचमापासून खालीं येतांना मधल्या दट्ट्यानें तीव्र मध्यम, पहिल्यानें शुद्ध मध्यम, पहिल्या दोहोंनीं शुद्ध गंधार, दुसऱ्या-तिसऱ्यानें कोमल गंधार, पहिल्या-तिसऱ्यानें शुद्ध ऋषभ आणि तिन्हींनीं कोमल ऋषभ सांपडतो. त्याच्या खालीं सारे दट्टे मोकळे सोडले कीं षड्ज आहेच. तीन बोटांत सहा स्वरांची सोय झाली. हिशेब इतका चोख बसला कीं त्यानंतर पितळी वाद्यांस अधिक दट्ट्यांची गरज सहसा भासली नाहीं.

तथापि ह्या चोख हिशेबांत एक खोट आहे. ९ फूट म्हणजे १०८ इंच लांबीच्या नळीस एक स्वर उतरविण्यास सुमारें सव्वातेरा इंचांचा वळसा लागतो आणि दीड स्वर उतरविण्यास सुमारें साडेवीस इंचांचा. दोन्ही मिळून झाले पावणेचौतीस. परंतु अडीच स्वर उतरावयाचे तर सुमारें सव्वाछत्तीस इंच लागतात, कारण नळी एकदां लांबली म्हणजे तिला पुढील स्वरासाठीं मागते ती भर अधिक असते. अडीच इंच नळी कमी पडली, म्हणून मंद्र भागांतील ऋषभ नेहमीं थोडा चढा लागतो, आणि कोमल ऋषभ तर त्याहूनही चढा. भूपाची चाल असो कीं एखादें भक्तिगीत असो, बँड ऋषभावर आला कीं शहाण्या श्रोत्याच्या कपाळास आठी पडते, ती ह्यामुळें. त्यांत वाजविणाराचा दोष थोडा व वाद्याचा अधिक. कसलेला वादक ओठ किंचित् ढिले सोडून किंवा तिसऱ्या दट्ट्याची सरकनळी थोडी बाहेर ओढून ही चूक सांवरून घेतो. लंडनच्या बूझी कंपनींतील ब्लेकली ह्या गृहस्थानें १८७४ सालीं ह्यावर उपाय काढला. त्याच्या रचनेंत चौथा दट्ट्या दाबला असतां हवा पुनः एकदां दट्ट्यांतून फिरते व लहान लहान जादा वळशांतून जाते. उणी पडलेली नळी अशी आपोआप भरून निघते. उत्तम प्रतीच्या यूफोनियमला आजही हीच रचना असते. अर्थात् त्याची किंमत खेड्यांतील बँडास झेपणारी नसते, आणि तेथें तीन दट्ट्यांच्या वाद्यावरच काम भागवावें लागतें.

ट्यूबा आणि यूफोनियम एकच कीं काय, असेंही विचारण्यांत येतें. त्याच पट्टीचा ट्यूबा दुप्पट लांब नळीचा असतो आणि एक सप्तक खालीं बोलतो. ट्रॉम्बोनची लांबी मात्र यूफोनियमइतकीच असते, मग आवाजांत एवढें अंतर कां? ट्रॉम्बोनची नळी बरीच दूरपर्यंत एकाच जाडीची राहते, यूफोनियमची आरंभापासून थोडी थोडी रुंदावत जाते. पहिलीचा आवाज धारदार, दुसरीचा भरीव व मऊ. बॅरिटोन नांवाचें तिसरें एक वाद्य तेवढ्याच लांबीचें, पण अंगानें सडपातळ असतें; बाजारांत तेंच यूफोनियम म्हणून गळ्यांत मारलें जाण्याचा संभव असतो. पाश्चात्य रचनाकारांनीं ह्या मऊ आवाजाचा उपयोग ओळखला होता. इटलींतील पोंकिएल्ली ह्यानें १८७२ सालीं ह्या जातीच्या वाद्यासाठीं स्वतंत्र रचना लिहिली, आणि इंग्लंडांतील होल्स्ट ह्याच्या ग्रहमालिकेंतील मंगळाच्या भागांत ह्यालाच मोठें काम दिलेलें आहे.

लग्नाच्या बँडांत त्याचें काम कोणतें? मास्तर ट्रंपेटवर किंवा क्लॅरिनेटवर अंतरा एकटा वाजवितो. धृपद आलें कीं सारा ताफा एकदम उसळतो, आणि त्या वेळीं ट्रंपेटच्या चालीखालीं तीच चाल एक सप्तक खालून यूफोनियम उचलून धरतें. मधल्या मोकळ्या जागीं उत्तर देण्याचें कामही पुष्कळदां त्याचेंच. ऐकणारास तें निराळें ऐकूं येत नाहीं. नसलें तर मात्र चाल उघडी पडते. म्हणूनच बँडाचा मालक खर्च आंखडावयास निघतो तेव्हां पहिली कुऱ्हाड बहुधा ह्याच मनुष्यावर पडते. हातगाडीवर की-बोर्ड व ध्वनिवर्धक चढविला कीं खालचे स्वर त्यांतूनच निघतील, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब तोट्याचा आहे. ध्वनिवर्धकानें खालचा आवाज मोठा होतो, भरतो असें नाहीं. आणि आठ माणसांची कला एका विजेच्या तारेवर टांगली जाते ती निराळीच. चार महिन्यांच्या लग्नसराईवर ज्याचें घर चालतें अशा वादकास ह्या बदलाचा अर्थ सांगावा लागत नाहीं.

परंतु त्याच मनुष्यास दुसरी एक वाट मोकळी आहे, आणि ती फार थोड्यांस ठाऊक असते. महाराष्ट्र पोलीस दलाच्या अलीकडच्या भरतींत बॅण्डस्मन अशीं स्वतंत्र पदें ठेवण्यांत आलीं असून त्यांस दहावी उत्तीर्ण एवढीच शैक्षणिक अट होती. सैन्यांतही वादकांची गरज असते. लष्करी संगीताचें विद्यालय मध्यप्रदेशांत पचमढी येथें १९५० पासून चालू आहे. अडचण येते ती स्वरलिपीची. खेड्यांतील बँड कानानें शिकतो, सरकारी बँड कागद वाचून वाजवितो. ज्या मुलास ह्या वाटेनें जावयाचें असेल त्यानें पांच रेघांची पाश्चात्य स्वरलिपि आधीं हस्तगत करावी. ट्रंपेट वाजविणारास ही गोष्ट सोपी जाते, कारण इंग्रजी धर्तीच्या बँडांत यूफोनियमचा कागद ट्रंपेटच्याच पद्धतीनें लिहिलेला असतो. बोटें तींच, आवाज मात्र एक सप्तक खालचा.

आईबापांची शंका निराळीच असते. एवढें मोठें वाद्य फुंकून पोराची छाती फुटणार तर नाहीं? वस्तुतः यूफोनियमला जोर लागत नाहीं, श्वास पुष्कळ व संथ लागतो. लहान तोंडाच्या ट्रंपेटवर उंच स्वर काढतांना छातीवर दाब अधिक पडतो. अंतर्गळ असलेल्या किंवा छातीचा विकार असलेल्या मनुष्यानें वैद्याचा सल्ला घ्यावा, हें उघड आहे. खरें भय दोन ठिकाणीं आहे. एक, कानांचें: ढोल व ध्वनिवर्धक ह्यांच्या शेजारीं रात्रीमागून रात्री उभें राहिल्यानें ऐकूं येणें कमी होतें, आणि तें परत येत नाहीं. दुसरें, वाद्याच्या पोटांतील घाणीचें. २०१६ सालीं ब्रिटनमधील वैद्यांनीं एका बॅगपाइप वाजविणाराची हकीकत प्रसिद्ध केली. त्या वाद्यांत वाढलेल्या बुरशीमुळें फुप्फुसें सुजून तो दगावला असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. ओठांस लावावयाची वाटी प्रत्येकाची स्वतंत्र असावी आणि ती रोज साबणानें धुवावी. वाजवितांना वाद्यांतून जें पाणी गळतें तें बव्हंशीं थुंकी नसून श्वासांतील वाफेचें झालेलें पाणी असतें. तें वाजवून झाल्यावर काढून टाकलें पाहिजे.

वाद्य स्वच्छ करण्याची खेड्यांतील रीत म्हणजे चिंच आणि राख. तांब्याचा हंडा किंवा पितळेची परात ह्यांस ती शोभते. यूफोनियमला मात्र ती मारक आहे. पितळ म्हणजे तांबें व जस्त ह्यांचें मिश्रण. आंबटानें वरचें लाखेचें आवरण जातें आणि हळूहळू जस्तही खाल्लें जातें. दट्ट्यास तर राख कधींच लावूं नये, कारण दट्ट्या व त्याचें घर ह्यांतील फट केंसाहूनही बारीक असते आणि एकदां ती वाढली म्हणजे हवा निसटूं लागते. नळ्या कोमट पाण्यानें धुवाव्या, उकळत्या नव्हे. दट्ट्यास खोबरेल तेल घालण्याची चाल बरीच पसरलेली आहे. तें पौषांतल्या थंडींत थिजतें आणि ऐन मिरवणुकींत दट्ट्या अडकतो. त्यासाठीं मिळणारें पातळ तेलच वापरावें.

हिंदुस्थानांत हीं वाद्यें बनतात तीं मुख्यत्वेंकरून उत्तर प्रदेशांतील मेरठ शहरीं, जली कोठी नांवाच्या भागांत. तेथील नादिर अली आणि कंपनी ही १८८५ सालची आहे. खेड्यांतील बँड नवें वाद्य क्वचितच घेतो. जुनें, कोणी मोडलेल्या बँडाचें, घेतो. तें घेतांना चमक पाहूं नये, पोचेही फारसे मोजूं नयेत. दट्टे वर असतांना एकेका दट्ट्याची सरकनळी बाहेर ओढावी, क्षणभर थांबावें आणि मग तो दट्ट्या दाबावा. "फट्" असा आवाज आला तर हवा कोंडून धरलेली होती, म्हणजे दट्टे अजून घट्ट आहेत. आवाज आला नाहीं तर वाद्य कितीही लखलखत असलें तरी विकणारास तें परत द्यावें.