अर्जासोबत कामाचे नमुने

नोकरीचा अर्ज करावयाचा म्हटला कीं घराघरांत एक ठराविक धांवपळ सुरू होते. दाखल्यांच्या नकला काढल्या जातात, परीक्षांतील गुण ओळीनें मांडले जातात, ओळखीच्या एखाद्या वजनदार गृहस्थाकडून शिफारसपत्र आणलें जातें. या सर्वांची जरुरी असतेच. परंतु उमेदवाराविषयीं इतरांचें काय मत आहे, तेवढेंच हे कागद सांगतात. त्याला प्रत्यक्ष काय करतां येतें, हें दाखविणारा कागद त्यांत बहुधा नसतो. तो कागद म्हणजे त्यानें स्वतः केलेल्या कामाचा नमुना. चित्रकार, लेखक, छायाचित्रकार यांच्याकडून असे नमुने मागण्याची चाल जुनी आहे. हल्लीं अशा संग्रहास पोर्टफोलिओ म्हणतात, आणि तो पुष्कळदां संगणकावरूनच पाठविला जातो. असा संग्रह काय करूं शकतो व तो कसा असावा, हें समजण्यास श्रीनिवास रामानुजन् यांच्या चरित्राइतकें बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल.

रामानुजन् १९०३ सालीं मॅट्रिक झाले. पुढें गणिताखेरीज अन्य विषयांत त्यांचें चित्त रमेना. त्यामुळें कॉलेजची शिष्यवृत्ति गेली आणि एफ्. ए. ची परीक्षा अखेरपर्यंत त्यांच्या हातीं लागली नाहीं. १९०९ सालीं विवाह झाला. संसार पाठीशीं आला, पण पदवी नाहीं आणि मिळकतही नाहीं. त्यांच्यापाशीं होत्या त्या केवळ गणिताच्या वह्या. १९१० च्या सुमारास त्या घेऊन ते डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले आणि कचेरींत एखादी कारकुनाची जागा मिळावी अशी विनंति त्यांनीं केली. अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार असून भारतीय गणित परिषदेचे संस्थापक होते. त्यांनीं वह्या चाळल्या आणि जागा देण्याचें नाकारलें! एवढ्या बुद्धीच्या माणसास महसूल खात्याच्या तळच्या पायरीवर बसविणें त्यांना उचित वाटलें नाहीं. त्याऐवजीं त्यांनीं मद्रासेंतील आपल्या गणितज्ञ स्नेह्यांच्या नांवें परिचयपत्रें दिलीं. अर्ज फेटाळला गेला, पण नमुने मान्य झाले. आणि पुढचा मार्ग त्या नमुन्यांनींच उघडला.

तरी पोटाचा प्रश्न होताच. ता. ९ फेब्रुवारी १९१२ रोजीं रामानुजन् यांनीं मद्रास पोर्ट ट्रस्टकडे कारकुनाच्या जागेसाठीं अर्ज केला. आपण मॅट्रिक झालों असून एफ्. ए. चा अभ्यास अपुरा राहिला, हें त्यांनीं त्यांत लपविलें नाहीं. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजच्या गणिताच्या प्राध्यापकांचें शिफारसपत्र जोडलें होतें. १ मार्चपासून दरमहा ३० रुपयांवर त्यांना जागा मिळाली.

याच जागेवर असतांना ता. १६ जानेवारी १९१३ रोजीं त्यांनीं केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच्. हार्डी यांना पत्र लिहिलें. स्वतःची ओळख थोड्या ओळींत आटोपती घेऊन पुढें त्यांनीं एकामागून एक सिद्धांतच मांडले. त्यांची संख्या सुमारें १२० होती. हार्डी यांनीं आपले सहकारी लिटलवुड यांच्यासह तीं पानें तपासलीं. कांहीं सिद्धांत आधींच ज्ञात होते. अविभाज्य संख्यांविषयींचीं कांहीं विधानें चुकीचीं होतीं. पण कांहीं असे होते कीं तें काम उच्च श्रेणीच्या गणितज्ञाचेंच, याविषयीं दोघांना शंका उरली नाहीं. ता. ८ फेब्रुवारीस हार्डी यांनीं उत्तर पाठविलें आणि त्यांत सिद्धता मागितल्या. त्याच वर्षीं मद्रास विद्यापीठानें या पदवीहीन कारकुनास दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ति दिली. मार्च १९१४ मध्यें ते इंग्लंडास निघाले आणि १९१८ सालीं रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

रामानुजन् यांची बुद्धि सर्वांस लाभत नाहीं, हें खरें. परंतु त्यांनीं धरलेली रीत कोणासही धरतां येते. वह्यांत हजारों सूत्रें असतांना त्यांनीं निवडक तेवढींच पाठविलीं. उमेदवारानेंही केलेलें सर्व काम न जोडतां त्या जागेला लागू पडणारे चार-पांच उत्तम नमुनेच निवडावे. दुसरें असें कीं, नमुना पाहणारा जाणकार असला तर त्याचें चीज होतें; म्हणून अर्ज कोणाच्या हातीं पडणार याची आधीं चौकशी करावी. तिसरी गोष्ट सिद्धतेची. हार्डींनीं ती मागितली, तशी आजचा मालकही मागतो. यास्तव प्रत्येक नमुन्याखालीं काम कोणतें होतें, अडचण काय आली व ती कशी सोडविली, हें दोन-तीन ओळींत लिहावें. पाठविण्यापूर्वी सर्व पुन्हां तपासावें, कारण परक्याच्या नजरेस चूक प्रथम दिसते.

याखेरीज सचोटीचीं कांहीं पथ्यें आहेत. काम अनेकांनीं मिळून केलें असेल तर त्यांतील स्वतःचा वांटा स्पष्ट सांगावा. पूर्वीच्या मालकाचे खासगी कागद परवानगीवांचून जोडूं नयेत. ज्यानें जुन्या धन्याचें गुपित उघडें केलें, त्याच्यावर नवा धनी कसा विश्वास ठेवील? जाहिरातींत नमुने मागितले नसले, तरी ‘कांहीं काम पाहण्यास तयार आहे’ एवढें वाक्य अर्जांत घालण्यास हरकत नसते.

नमुने हे पदवीची जागा घेत नाहींत. जेथें पदवीची अट आहे तेथें ती पुरी करावीच लागते. पण एखाद्या परीक्षेंत अपयश आलें म्हणून घरांतील मुलाच्या किंवा मुलीच्या हातचें कौशल्य नाहींसें होत नाहीं; तें केवळ गुणपत्रिकेवर दिसत नाहीं. कुंभकोणमच्या त्या नापास विद्यार्थ्याच्या वह्या अडगळींत टाकल्या गेल्या नाहींत, हें गणिताचें भाग्य होय. घरोघरीं अशा वह्या, चित्रें, आराखडे आणि लेख असतात. तीं पानें नीट जपून ठेवावीं आणि वेळ येतांच अर्जासोबत जोडावीं.