अमेरिकेचा ईआयएन फुकट मिळतो, पैसे दुसरीकडे ठेवा

अमेरिकेत एलएलसी काढून ऑनलाइन माल विकायचाय? मग ईआयएन, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याचा, आयआरएसचा ९ आकडी नंबर लागणारच. मला एका एजंटने त्याचे २५ हजार रुपये सांगितले होते. अहो, आयआरएस यासाठी एक डॉलरही घेत नाही!

अडचण एवढीच की ऑनलाइन अर्जाला एसएसएन किंवा आयटीआयएन लागतो आणि आपल्याकडे सहसा तो नसतो. मग एसएस-४ फॉर्म घ्या, ७बी रकान्यात ‘फॉरेन’ लिहा आणि फॅक्स करा. धंद्याचं मुख्य ठिकाण अमेरिकेबाहेर असेल तर फोनवरही अर्ज होतो. तिथे सकाळी ६ ला लाइन सुरू होते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. फॉर्म भरून समोर ठेवा, त्यातलंच विचारतात.

खरी मेख पुढे आहे. एलएलसीचे तुम्ही एकटेच मालक असाल, तर ११२० सोबत ५४७२ फॉर्म लागतो. विक्री शून्य असली तरी खिशातून कंपनीत टाकलेला पैसाही त्यात दाखवावा लागतो. राहून गेला तर दंड २५,००० डॉलर! एजंट हे बोलतच नाहीत. कॅलेंडर वर्ष धरलं तर मुदत १५ एप्रिल, आत्ताच मोबाइलवर रिमाइंडर लावा.