परभणीत पारा ३ अंशांखाली गेला तरी नळ का गोठत नाही? आणि जिथे गोठतो, तिथे पाइप फुटतो कसा?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं परभणीकर मोठ्या अभिमानाने म्हणतात. हिवाळ्यातल्या एका बाबतीत मात्र ही जोडी जमत नाही. जर्मनीत थंडी पडायच्या आधी अंगणातल्या नळाचा पुरवठा घराच्या आतून बंद करतात आणि पाइपात उरलेलं पाणी काढून टाकतात. परभणीत याची गरज पडत नाही.

तसं पाहिलं तर थंडीच्या बातम्यांत परभणी कायम पुढे असते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परिसरात नोंदवलं जाणारं किमान तापमान अनेकदा राज्यातल्या नीचांकी आकड्यांमध्ये असतं. २०१८ च्या डिसेंबर अखेरीस तर इथला पारा ३ अंशांच्याही खाली गेला होता. शून्य तिथून काही फार लांब नाही. मग नळाचं पाणी का गोठलं नाही?

३ अंश म्हणजे नेमके कुठले?

हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. बातमीत येतो तो या पेटीतला आकडा. रात्री आकाश निरभ्र असेल, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल, तर जमीन, गवत आणि गाडीचं टप आपली उष्णता आकाशाकडे सोडतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही जास्त थंड होतात. त्यामुळे पेटीत २-३ अंश असताना गवताच्या पात्यावर शून्याखालचं तापमान असू शकतं. महाबळेश्वरच्या वेण्णा लेक परिसरात दवबिंदू गोठल्याचे फोटो जवळपास दर हिवाळ्यात फिरतात, ते यामुळेच.

पण पातं वेगळं आणि पाइप वेगळा. १ लिटर पाणी २० अंशांवरून शून्यावर आणायला त्यातून २० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. शून्यावर आलेल्या त्याच पाण्याचा बर्फ करायला आणखी ८० लागतात. म्हणजे खरा वेळ लागतो तो शेवटच्या टप्प्याला. परभणीतली कडाक्याची थंडी पहाटेचे काही तास टिकते, मग ऊन येतं. शिवाय बोअरचं पाणी जमिनीखालून कोमटच येतं आणि पुरलेल्या पाइपाला वरची माती पांघरुणासारखी असते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने बिनआवरणाच्या पाइपांवर प्रयोग केले, तेव्हा बाहेरचं तापमान साधारण उणे ७ अंशांपर्यंत उतरल्यावर धोका सुरू होतो, असं दिसलं.

परभणीसारख्या ठिकाणी शंका घ्यावी अशी एकच जागा उरते, ती म्हणजे गच्चीवरचा सोलर. काचेखाली काळा पत्रा आणि त्याला जोडलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या, अशा जुन्या सपाट प्रकारात पाणी थोडं असतं आणि सगळा पत्रा रात्रभर आकाशाकडे तोंड करून असतो. वरच्या गवताच्या पात्यासारखीच त्याची गत होते. म्हणून हवा शून्याच्या २-४ अंश वर असली तरी या नळ्यांत बर्फ धरू शकतो. काचेच्या दुहेरी नळ्यांच्या सोलरमध्ये मधल्या पोकळीत हवाच नसते, त्यामुळे ही भीती बरीच कमी. सपाट सोलर असेल तर कडाक्याच्या रात्री त्यावर ताडपत्री किंवा जुनी चादर टाकली तरी काम भागतं.

बर्फ एकीकडे, फूट दुसरीकडे

परभणीत हा प्रश्न नसला, तरी परभणीची माणसं जिथे जातात तिथे तो आहे. कुणी लष्करात लेहला असतं, कुणी नोकरीसाठी टोरांटोत, कुणी शिकायला म्युनिकला. श्रीनगरमध्ये ३१ जानेवारी २०२१ ला पारा उणे ८.८ अंशांवर गेला होता. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चालणाऱ्या ‘चिल्लई कलान’मध्ये तिथे नळ गोठणं हा दरवर्षीचा अनुभव आहे.

लोकांना सवय असते तिथे हानी त्या मानाने कमी होते. खरी दाणादाण उडते ती उन्हाळ्यासाठी बांधलेल्या गावांत. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सासमध्ये असंच झालं. डॅलसमध्ये तापमान उणे १९ अंशांच्या आसपास गेलं, वीज गेली, हीटर बंद पडले. तिथल्या अनेक घरांचे पाइप पोटमाळ्यातून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेलेले. ते फुटले आणि छतातून पाणी घरात आलं.

पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, हे शाळेत शिकवतात. त्यावरून वाटतं की बर्फ पाइपाला आतून रेटतो आणि पाइप तिथेच फाटतो. बहुतेक वेळा घडतं ते वेगळं. पाइपात बर्फाचं बूच तयार होतं आणि ते लांबत जातं. बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला जायला वाट नसते, त्यामुळे तिथला दाब प्रचंड वाढतो. मग जो सांधा कच्चा असेल तो सुटतो, अनेकदा बर्फापासून बराच दूर.

हे एकदा कळलं की गोठणाऱ्या रात्री नळ किंचित चालू ठेवून पाण्याची बारीक धार सोडायला का सांगतात, ते लक्षात येतं. वाहतं पाणी गोठायला वेळ लागतो हे आहेच, पण मुख्य फायदा म्हणजे दाबाला वाट मिळते. ज्या नळाचा पाइप बाहेरच्या भिंतीतून येतो, तो नळ आधी निवडावा. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवली की खोलीची ऊब पाइपापर्यंत पोहोचते. उघड्या पाइपांना फोमची नळी चढवावी, मात्र तिने थंडी शिरायला उशीर होतो इतकंच. आत उष्णता नसेल तर नुसत्या फोमचा उपयोग नाही. सुट्टीत भारतात येणाऱ्यांची चूक ठरलेली असते: बिल वाचवायला हीटर बंद करून निघणं. तो १२-१३ अंशांवर चालू ठेवावा, नाहीतर मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडून पाइप रिकामे करावेत.

गोठलाच तर?

नळ सोडल्यावर पाणी आलं नाही, किंवा दोऱ्यासारखी धार आली, तर पाइप गोठल्याची शक्यता असते. पाइपावर बाहेरून पांढरं दव धरलंय का, एखादा भाग फुगलाय का, ते पाहावं. तडा दिसला तर आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा. तडा नसेल तर नळ उघडाच ठेवायचा आणि शेक द्यायला सुरुवात नळाच्या बाजूने करून हळूहळू गोठलेल्या भागाकडे जायचं. उलट बाजूने सुरुवात केली तर वितळलेलं पाणी आणि वाफ बुचामागे कोंडते. गरम पाण्यात पिळलेली फडकी किंवा केस वाळवायचा ड्रायर पुरतो. खाली पाणी साचलं असेल तर ड्रायर हातात घेऊ नये.

आग लावायची नाही. कागद पेटवून किंवा गॅसच्या ज्वाळेने पाइप शेकण्याचा मोह होतो, कारण ते झटपट वाटतं. त्यात प्लास्टिकचा पाइप वितळतो, धातूच्या पाइपातल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो आणि लाकडी भिंतींच्या घरात भिंतीच्या आत आग पकडली तर ती लवकर दिसतही नाही. प्लास्टिकच्या पाइपावर उकळतं पाणी ओतणंही वाईट, कारण थंडीने तो आधीच ठिसूळ झालेला असतो.

पाणी पुन्हा सुरू झालं म्हणजे संकट टळलं असं नाही. फाटलेल्या पाइपाला बर्फाचंच बूच असतं, त्यामुळे गळती कळते ती बर्फ वितळल्यावर, बहुधा ऊन पडल्यावर, घरात कुणी नसताना. म्हणून पुढचे काही तास भिंतीवर ओल येतेय का, छतातून थेंब पडतायत का आणि सगळे नळ बंद असताना पाण्याचं मीटर फिरतंय का, हे तपासत राहायचं. मीटर फिरत असेल तर पाणी कुठेतरी भिंतीत जातंय.